गृहशास्त्राची शाळा : धर्मभगिनींपासून भीमथडीपर्यंत

स्वयंपाक, शिवण, धुणें, आजाऱ्याची शुश्रूषा, मुलांचें संगोपन आणि घरखर्चाचा हिशेब या गोष्टी मुलींनीं शाळेंत जाऊन शिकाव्या, असें दीडशें वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांत कोणी म्हटलें असतें, तर त्याचें हसूं झालें असतें. मुलगी आईच्या हाताखालीं शिकते आणि सासूच्या हाताखालीं पक्की होते, अशी सर्वांची समजूत होती. मग या रोजच्या कामांसाठीं शाळा निघाल्या कशा? त्या काढणाऱ्यांत ज्यांनीं स्वतःचा संसार कधींच मांडला नाहीं अशा ख्रिस्ती धर्मभगिनी अग्रभागीं कां होत्या? आणि त्यांनीं आणलेल्या या विद्येचें येथील स्त्रियांनीं पुढें काय केलें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें एकमेकांत गुंतलेलीं आहेत. त्यांतील तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर तर पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या मुलुखांत, बारामती-इंदापूरच्या बाजूस, फार स्पष्ट दिसतें.

ही विद्या युरोपांतून आली. म्हणून आरंभ तेथूनच केला पाहिजे. ज्यांनीं संसार सोडला त्यांनींच संसार शिकवावा, हें वरकरणी विचित्र वाटतें. पण त्याला कारण आहे. घरांतील गृहिणी पांच-दहा माणसांचें पाहते. तिचें माप म्हणजे तिची मूठ आणि चिमूट. तिचें घड्याळ म्हणजे अंगणांतलें ऊन. मठांत मात्र पन्नास-शंभर माणसांचें जेवण, त्यांचे कपडे, आजाऱ्यांच्या खाटा आणि अनाथ मुलांचें पालनपोषण असा मोठा पसारा असतो. तेथें मुठीचिमटीनें भागत नाहीं. किती माणसांस किती पीठ लागतें, साबण किती दिवस पुरतो, सरपणास काय खर्च येतो, हें लिहून ठेवावें लागतें. कामाची वांटणी करावी लागते. घंटेबरोबर एक काम संपवून दुसरें सुरू करावें लागतें. आणि एक भगिनी दुसऱ्या मठांत गेली, कीं तिचें काम नव्या भगिनीस शिकवावें लागतें. जें काम मोजतां येतें, लिहून ठेवतां येतें आणि परक्यासही शिकवितां येतें, तें हळूहळू शास्त्राचें रूप घेतें. गृहशास्त्राचा एक उगम अशा रीतीनें मठाच्या मुदपाकखान्यांत आहे.

दुसरा उगम सरकारी शाळांत आणि प्रयोगशाळांत आहे. इंग्लंडांत गिरण्या निघाल्या, बायका-मुली कारखान्यांत जाऊं लागल्या आणि आईकडून मुलीकडे जाणारी विद्येची परंपरा तुटूं लागली. १८६२ च्या शिक्षणसंहितेनें तेथील प्राथमिक शाळांतील मुलींस शिवण शिकविणें आवश्यक केलें. १८७३-७४ च्या सुमारास लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथें पाककलेच्या शिक्षिका तयार करणारी शाळा निघाली. अमेरिकेंत रसायनशास्त्रज्ञ एलन रिचर्ड्‌स या बाईंनीं पाणी, हवा आणि अन्न यांच्या परीक्षेचें शास्त्र घरापर्यंत आणलें, आणि १८९९ सालीं लेक प्लॅसिड येथें भरलेल्या परिषदेपासून या विषयास विद्यापीठांत बसण्यासारखें नांव व रूप मिळालें. भारतांत मात्र ही विद्या आधीं प्रयोगशाळेतून आली नाहीं. ती मिशनांच्या आणि मठांच्या वाटेनें आली.

पुण्यास ती वाट मुख्यतः दोन दिशांनीं आली. छावणीच्या बाजूस रोमन कॅथॉलिक धर्मभगिनींचीं कॉन्व्हेंटें होतीं. शहराच्या बाजूस इंग्लंडच्या चर्चमधील एक भगिनीसंघ आला. इंग्लंडांतील वाँटेज या लहानशा गांवीं तेथील धर्मोपदेशक विल्यम बटलर यांनीं १८४८ सालीं सेंट मेरी द व्हर्जिन या नांवाचा भगिनीसंघ स्थापिला होता. शिक्षण आणि पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांचा उद्धार हीं त्याचीं दोन मुख्य कामें. या संघाच्या भगिनी १८७७ सालीं पुण्यास आल्या आणि पंचहौद मिशनच्या परिसरांत व छावणींत त्यांनीं शाळा, वसतिगृहें आणि शुश्रूषेचीं कामें चालविलीं. पुणेंकर त्यांना 'वाँटेजच्या सिस्टर' म्हणूनच ओळखत.

अशा संस्थांत सुईचें शिक्षण दोन प्रकारचें असे, आणि हा भेद नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. सुखवस्तु घरच्या मुलींस भरतकाम, कशिदा, लेस अशी नाजूक कामें शिकवीत. तीं दिवाणखान्याची शोभा होत. अनाथ आणि गरीब मुलींस साधी शिवण, ठिगळ लावणें, कपडे धुणें, इस्त्री करणें आणि स्वयंपाक शिकवीत. कारण त्यांनीं पुढें एखाद्या ख्रिस्ती गृहस्थाचा संसार करावा किंवा साहेबाच्या घरीं आया म्हणून नोकरी धरावी, अशी अपेक्षा असे. सुई एकच, पण एकीच्या हातीं ती अलंकार होती, तर दुसरीच्या हातीं चाकरीची खूण. शिकविणाऱ्यांचा हेतु दयेचा होता यांत शंका नाहीं. तथापि जन्मानें मिळालेली पायरी या शिक्षणानें बदलावी, असा त्यांचा आग्रह नव्हता. नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा आणि आज्ञाधारकपणा हे तीन गुण एकाच घंटेवर शिकविले जात.

हिंदु घरांत या विद्येचा प्रवेश झाला तो सुईच्या वाटेनें. चूल मागें राहिली. आणि त्याचें कारण सोंवळेंओंवळें. मडमेनें दिलेला दोरा हातांत घेतला तर लुगडें बदलून भागे. पण तिच्या हातचें अन्न पोटांत गेलें तर जात जाई. ही केवळ बायकांची समजूत नव्हती. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें पुण्यांतील नामांकित मंडळींस चहा आणि बिस्किटें देण्यांत आलीं. त्यावरून केवढें ग्रामण्य माजलें आणि रानडे-टिळकांसारख्या पुढाऱ्यांपुढेंही प्रायश्चित्ताचा प्रश्न कसा उभा राहिला, हें प्रसिद्ध आहे. एका पेल्यानें जेथें शहर दुभंगलें, तेथें मिशनच्या बाईनें ब्राह्मणाच्या किंवा कुलवंत मराठ्याच्या मुलीस स्वयंपाक शिकविणें कसें शक्य होतें? म्हणून शिवण-विणकाम शिकविणाऱ्या शिक्षिका घरोघर जाऊं शकल्या; पाकशास्त्र मात्र अनाथालयाच्या भिंतींआड राहिलें.

या कोंडींतून वाट काढली ती पंडिता रमाबाईंनीं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें आणि आईनें मुलीस. दुष्काळांत आई, वडील आणि बहीण गेलीं. भाऊ पुढें वारला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आंतच पतिही निवर्तला. लहानग्या मनोरमेस घेऊन त्या १८८२ सालीं पुण्यास आल्या. आर्य महिला समाज त्यांनीं त्याच सालीं स्थापिला आणि हंटर कमिशनपुढें स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं साक्षही दिली. पुण्यांत वाँटेजच्या भगिनींशीं त्यांचा परिचय झाला, आणि १८८३ सालीं वैद्यकीचें शिक्षण घेण्याच्या इच्छेनें त्या इंग्लंडला, थेट वाँटेजच्या मठांत जाऊन राहिल्या. श्रवणदोषामुळें वैद्यकीचा मार्ग त्यांना बंद झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं तेथेंच बाप्तिस्मा घेतला.

वाँटेजच्या मठांतील रमाबाईंचा काल हा गृहशास्त्राच्या इतिहासांत फार बोलका आहे. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि त्या यांच्यांत जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. त्यांत मोठ्या धर्मतत्त्वांच्या चर्चेबरोबर ताटांतल्या पदार्थांचाही वाद आहे. रमाबाईंनीं शाकाहार सोडला नाहीं. अंडीं घातलेलें पुडिंग त्यांना चालत नसे. भगिनींना त्यांत जातीचा अभिमान दिसे. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें कां असावीं, संस्कृत कां नसावींत, हाही त्यांचा प्रश्न होता. त्यांना येशूचा धर्म मान्य होता. पण सांगितलें तेवढेंच मानावें, हा मठाचा नियम त्यांच्या बुद्धीस पटेना. आज्ञेपेक्षां विवेकास त्यांनीं वरचें स्थान दिलें.

असें असूनही भगिनींचें ऋण त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें. लंडनच्या फुलहॅम भागांत या संघाचें एक आश्रयगृह होतें. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांस तेथें प्रेमानें वागवून काम शिकविलें जाई. हें पाहून आपल्या मनावर फार मोठा परिणाम झाला, असें रमाबाईंनीं पुढें आपल्या आत्मनिवेदनांत लिहिलें आहे. धर्मभगिनींकडून त्यांनीं काय घेतलें आणि काय ठेवून दिलें, हें यावरून उघड होतें. टाकलेल्या स्त्रीस हाताचें काम देऊन उभें करतां येतें, हें त्यांनीं घेतलें. मुकाट्यानें आज्ञा पाळण्याची शिकवण ठेवून दिली. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयांत कांहीं काळ शिकून व शिकवून त्या १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. फ्रबेलची बालोद्यानपद्धति त्यांनीं तेथें अभ्यासिली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढच्या सालीं तें पुण्यास आलें.

शारदासदनांत चुलीचा प्रश्न त्यांनीं व्यवहारानें सोडविला. ज्या विधवा मुली आपल्या धर्माप्रमाणें राहूं इच्छीत, त्यांना आपलें सोंवळें पाळून स्वतंत्र स्वयंपाक करण्याची मोकळीक होती. जें मिशनच्या शिक्षिकेस साधलें नव्हतें, तें येथें साधलें. स्त्रिया एका छताखालीं राहून शिकूं लागल्या. धर्मांतराच्या वादामुळें १८९३ सालीं पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या, हेंही याच इतिहासांत नमूद केलें पाहिजे. परंतु तोंवर सदनांतून एक विद्यार्थिनी बाहेर पडली होती. पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई कर्वे, यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्याच सालीं पुनर्विवाह झाला होता.

याच काळांत मुलींनीं काय शिकावें, यावर पुण्यांत मोठा वाद चालला होता. १८८४ सालीं हुजूरपागेंत मुलींचें हायस्कूल निघालें. मुलींस इंग्रजी आणि मुलांसारखेच विषय शिकविण्यापेक्षां घरकामास उपयोगी पडेल असें शिक्षण द्यावें, अशी टीका 'केसरी'नें केली. उलट आगरकरांनीं 'सुधारकां'त स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावें व तें एकत्र द्यावें, असें प्रतिपादन केलें. एका पक्षास गृहशिक्षण ही स्त्रीची मर्यादा वाटली. दुसऱ्यास तीच तिच्या पायांतील बेडी वाटली. दोन्ही पक्ष घर शाबूत आहे, चूल पेटलेली आहे, असें गृहीत धरून बोलत होते. जिचें घरच मोडलें, तिनें काय करावें, हा प्रश्न दुष्काळानें विचारला.

तो प्रश्न बारामती-इंदापूरच्या मुलुखास नवा नव्हता. भीमा आणि नीरा यांच्या मधला हा प्रदेश. भीमथडीचीं तट्टें इतिहासांत नांवाजलेलीं. पण पाऊस बेभरवंशाचा, जमीन बहुतेक जिराईत. १८७५ सालच्या मे महिन्यांत सुप्यास कर्जबाजारी कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, तो दख्खनचा दंगा याच भीमथडी तालुक्यांत झाला. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. १८८० नंतरच्या दशकांत नीरेचा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरच्या एका पट्ट्यास पाणी मिळालें. तरी कालव्याच्या वरची गांवें कोरडीं तीं कोरडींच राहिलीं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पुन्हां एकामागून एक कोसळले.

त्या काळच्या भीमथडी तालुक्यांतच, पुण्याहून सुमारें ३५ मैलांवर, सोलापूरच्या लोहमार्गालगत केडगांव आहे. तेथें रमाबाईंनीं शारदासदनाच्या खर्चासाठीं फळबाग करण्याच्या हेतूनें जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि तेथून उपासमारीनें खंगलेल्या सुमारें तीनशें मुली व बायका त्यांनीं आणल्या. पुण्यांत प्लेगाची सांथ. शहरांत एवढीं माणसें ठेवण्यास सरकारची बंदी. तेव्हां केडगांवच्या उघड्या माळावर झोंपड्या उभ्या राहिल्या. तेंच मुक्तिसदन. गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

अशा ठिकाणीं गृहशास्त्र हा शब्दच नवा अर्थ घेऊन उभा राहतो. दोन हजार माणसांचें दळण, कांडण, स्वयंपाक, धुणें आणि आजारपण हें त्या स्त्रियांनाच करावयाचें होतें. म्हणून स्वयंपाकघर हीच शाळा झाली, दवाखाना हीच शुश्रूषेची शाळा झाली. पण रमाबाई तेथें थांबल्या नाहींत. हातमागावर विणणें, शिवण, गाईम्हशींचें दूधदुभतें, तेलाचा घाणा, शेती व बागाईत हे धंदे त्यांनीं मुलींस शिकविले. छापखान्यांत खिळे जुळविणें आणि पुस्तकें बांधणें हीं कामेंही स्त्रियाच करीत. आंधळ्या स्त्रियांना हातानें वाचावयास आणि टोपल्या विणावयास शिकविलें. फुलहॅमला पाहिलेल्या आश्रयगृहाची प्रतिकृति म्हणावी असें कृपासदन तेथें निघालें. मठांतील घंटा, वेळापत्रक आणि कामाची वांटणी केडगांवीं होती. धर्माची शिकवण तर होतीच, आणि त्याबद्दल रमाबाईंवर टीकाही पुष्कळ झाली. तथापि एक फरक मूलगामी होता. तेथील मुलीस दुसऱ्याच्या घराची चाकरी करावयास तयार करीत नव्हते. कोणाचाही आधार नसला तरी ती जगूं शकेल, अशी तयारी तिच्याकडून करून घेत होते.

एका स्त्रीनें दाखविलेली ही वाट पुढें इतरांनीं रुंद केली, आणि धर्मांतराची भीति त्यांतून गेली. कर्व्यांनीं १८९६ सालीं अनाथबालिकाश्रम काढला. तो पुढें हिंगण्यास स्थिरावला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन सुरू झालें. तेथें शिवण, परिचारिकेचें काम, शिक्षिकेचें शिक्षण असे वर्ग निघाले. शुश्रूषा हें काम तोंवर येथें धर्मभगिनींचें किंवा ख्रिस्ती मुलींचें समजलें जाई. सेवासदनानें तें पांढरपेशा घरांतील विधवांच्या हातीं दिलें. १९१६ सालीं कर्व्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती. आरोग्यशास्त्र व गृहजीवनशास्त्र यांना तेथें अभ्यासक्रमांत मानाचें स्थान मिळालें, आणि शिकविण्याची भाषा मराठी झाली. 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्या जुन्या वादांत ही एक प्रकारची तडजोड होती : घर शिकवा, पण पदवीच्या तोलानें शिकवा.

या परंपरेचा एक धागा थेट बारामतीस येऊन पोंचतो. काटेवाडीच्या शारदाबाई गोविंदराव पवार पुण्याच्या सेवासदनांत शिकलेल्या होत्या. १९३० नंतरच्या दशकांत त्या जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. ज्या काळीं शेतकऱ्याच्या घरांतील बाई चावडीची पायरी चढत नसे, त्या काळीं शाळा, रस्ते आणि दवाखाने यांचे प्रश्न त्या बोर्डांत मांडीत. घर आणि शेत दोन्ही सांभाळून त्यांनीं आपल्या मुलामुलींस उच्च शिक्षण दिलें. बारामतीजवळ शारदानगर येथें त्यांच्या नांवानें आज मुलींचें महाविद्यालय आहे. सेवासदनासारख्या संस्थांनीं काय केलें याचें मोजमाप विद्यार्थिनींच्या संख्येवरून करण्यापेक्षां अशा एका घरावरून करणें अधिक योग्य होईल.

धर्मभगिनींचें काम याबरोबर संपलें नाहीं. त्याचें स्वरूप मात्र पालटलें. दिल्लीस १९३२ सालीं लेडी अर्विन कॉलेज आणि १९५० सालीं बडोद्याच्या विद्यापीठांत गृहविज्ञानाची स्वतंत्र शाखा निघाल्यावर हा विषय पदवीचा झाला. मुंबईंत सेक्रेड हार्ट संघाच्या भगिनींनीं १९४० सालीं सोफिया कॉलेज आणि १९७० सालीं सोफिया पॉलिटेक्निक काढलें. तेथें पाककला व वस्त्रकला हे धंद्याचे विषय झाले. डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी हा संघ फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत जन्मला. त्याच्या भगिनी मठाचा वेष घालीत नाहींत. त्यांच्या निर्मला निकेतनचें गृहविज्ञान महाविद्यालय मुंबई विद्यापीठास जोडलेलें आहे. शंभर वर्षांपूर्वीं अनाथालयाच्या भिंतींआड राहिलेलें पाकशास्त्र अशा रीतीनें प्रयोगशाळेंत येऊन बसलें.

प्रयोगशाळेंत गेल्यानें काय साधलें, हें बारामती-इंदापूरच्या रोजच्या ताटावरून समजावून घेतां येईल. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि त्याबरोबर तूर, मटकी किंवा हुलगा हा येथील जुना आहार. ज्वारींतील प्रथिनांत लायसिन नांवाचा एक घटक कमी असतो. तो डाळींत भरपूर असतो. दोन्ही एकत्र खाल्ल्यानें एकाची उणीव दुसरें भरून काढतें. मटकीस मोड आणले कीं तिच्यांत क जीवनसत्त्व वाढतें. पालेभाजी चिरल्यावर धुतली किंवा शिजविलेलें पाणी फेंकून दिलें, तर तेंच जीवनसत्त्व वाया जातें. आजीला यांतलें पुष्कळसें संवयीनें ठाऊक होतें. नातीस त्याचें कारण कळलें. संवय परिस्थिति बदलली कीं मोडते. कारण कळलेलें असलें म्हणजे बदललेल्या परिस्थितींतही माणूस वाट काढतो. धान्य महागलें, सरपण संपलें, धुरानें डोळे गेले, तान्हें मूल जुलाबानें सुकूं लागलें, तर काय करावें, हें ज्या आईस कारणासह ठाऊक आहे, तिच्या घरांत शास्त्र आलें असें म्हणावें.

१९७२ च्या दुष्काळांत हें पुन्हां प्रत्ययास आलें. पुणें, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतील हजारों बायका खडी फोडण्याच्या कामावर होत्या, आणि पोषणासाठीं कामावर सुकडी वांटली जात होती. कमी पैशांत, शिजविण्याची यातायात न करतां, पोटास आधार देईल असें अन्न बनविणें, हें गृहशास्त्राचेंच काम होतें; फक्त घर एकाचें नसून साऱ्या राज्याचें होतें. १९७५ च्या २ ऑक्टोबरास एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गांवोगांव अंगणवाडी आली. बारामतींत १९७१ सालीं शेतीच्या विकासासाठीं विश्वस्त संस्था निघाली. तिनें १९९२ पासून कृषि विज्ञान केंद्र चालविलें. अशा केंद्रांत पीक, माती, जनावरें यांच्या तज्ज्ञांच्या शेजारीं गृहविज्ञानाचा तज्ज्ञही बसतो. धान्य टिकविणें, फळांवर प्रक्रिया करणें, बचतगटांच्या बायकांस धंद्याचा हिशेब शिकविणें हीं कामें शेतीच्या कामाइतकींच महत्त्वाचीं मानलीं गेलीं.

शिवणयंत्राची गोष्टही अशीच. एके काळीं अनाथ मुलीनें पोट भरावें म्हणून तिच्या हातीं सुई दिली गेली. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींतील वस्त्रोद्योगांत एकविसाव्या शतकांत खेड्यापाड्यांतील पुष्कळ बायका शिवणकामाच्या मजुरीवर गेल्या. महिन्याचा पगार घरीं आला. त्याबरोबर घरांतील दळण, धुणें आणि स्वयंपाकही तिच्याच वांट्यास राहिला. घरकाम मुलीचेंच आहे, हा जो पाठ मठाच्या शाळेनें आणि गांवच्या रूढीनें मिळून दिला होता, तो मात्र पुसला गेला नाहीं. गृहशास्त्राचा वर्ग मुलांसाठीं कां नाहीं, हा प्रश्न फार थोड्यांनीं विचारला, आणि विचारला तेव्हांही तो हसण्यावारीं नेला गेला.

धर्मभगिनींच्या कामाचा जमाखर्च मांडतांना दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत. ज्या कामास येथें कोणी काम म्हणत नव्हतें, तें शिकण्या-शिकविण्याजोगें आहे, हें त्यांनीं दाखविलें. टाकलेल्या मुलीस त्यांनीं उंबऱ्याच्या आंत घेतलें. घाणीस आणि रोगास हात लावण्यांत त्यांनीं कमीपणा मानला नाहीं. ही जमेची बाजू. त्यांच्या शिक्षणांत आज्ञापालन फार होतें, धर्मप्रसाराचा हेतु होता, आणि गरीब मुलीस तिच्या पायरीवरच ठेवण्याची प्रवृत्ति होती. ही खर्चाची बाजू. पंडिता रमाबाईंचें मोठेपण हें, कीं त्यांनीं हा हिशेब स्वतः वाँटेजच्या मठांत राहून मांडला, त्यांतील जमा केडगांवच्या माळावर आणली आणि दुष्काळाच्या कसोटीस लावून पाहिली.

त्या कसोटीवरूनच पुढच्या शिक्षणाची पारख करतां येते. मुलगी काय शिकली यापेक्षां तें शिकून तिला काय करतां येऊं लागलें, हें पाहावें. भाकरी चांगली करतां येणें हें भूषण आहेच. पण त्या भाकरीचें पीठ विकत आणण्याइतकें तिला स्वतः मिळवितां येतें काय, मिळविलेलें तिच्या नांवें लिहिलें जातें काय, आणि आजाऱ्यास औषध केव्हां द्यावें हें ठरविण्याचा तिला अधिकार आहे काय, हे प्रश्न त्याहून मोठे आहेत. भीमथडींत पाऊस आजही बेभरवंशाचाच आहे. ज्या घरांतील बाईस या तिन्ही प्रश्नांचें उत्तर होय असें देतां येतें, त्या घराची चूल वाईट वर्षांतही विझत नाहीं.